मागची बैठक

वाहनाला साज चढवण्याची रीत आपल्याकडे मोटारी येण्यापूर्वीची आहे. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लागते, पाठीवर झूल पडते, गळ्यात घुंगुरमाळ येते, आणि ह्या सगळ्याकडे आपण केवळ हौस म्हणून पाहतो. परंतु त्या घुंगरांचा नाद अंधाऱ्या वाटेवर समोरून येणाऱ्या गाडीवानाला सावध करीत असे. गाडीखाली टांगलेला कंदील तर स्वतःला वाट दिसावी ह्यापेक्षा आपण इतरांना दिसावे ह्यासाठीच अधिक असे; बैलांना वाट ठाऊकच असायची. शोभा कोठे संपली, सोय कोठे सुरू झाली आणि सुरक्षितता कोठून आली, हे त्या काळी कुणी वेगळे काढून पाहिले नसावे. मराठीने तर ह्या तिन्हींना मिळून एकच शब्द दिला. खोगीर, लगाम, तंग हा घोड्याचा साज. कोल्हापूरकडच्या बायकांच्या गळ्यातला अलंकार, तोही साज. आणि गाण्याच्या साथीची वाद्ये, तीही साजच. फार्सीतून आलेला हा शब्द आपल्याकडे असा काही रुळला की त्याच्या पोटात अलंकार आणि अवजार सुखाने एकत्र नांदू लागले.

मोटारसायकलीला बाहेरून बसवायच्या वस्तूंना मात्र आपण ‘ॲक्सेसरी’ म्हणतो. पारिभाषिक कोशांच्या वळणाने ‘उपसाधन’ असे म्हणता येईल, पण तो शब्द मला पटत नाही. ‘उप’ लागला की वस्तू दुय्यम ठरते. आणि मोटारसायकलीच्या बाबतीत मुख्य कोण व दुय्यम कोण, हाच तर वादाचा मुद्दा आहे. ह्या वादाशी माझी ओळख दोन वर्षांच्या अंतराने नव्हे, तर जवळजवळ अर्ध्या शतकाच्या अंतराने दोनदा झाली.

मी दिल्लीत मराठी शिकवतो. माझ्याकडे रॉयल एनफील्डची 411 सी.सी.ची ‘हिमालयन’ आहे. ही गाडी 2016 साली बाजारात आली. तिचे वजन दोनशे किलोच्या आसपास, पेट्रोलची टाकी पंधरा लिटरची आणि पुढचे चाक एकवीस इंची. खाचखळग्यांतून जाण्यासाठीच ती घडवली आहे. 2022 च्या उन्हाळ्यात मी आणि माझी पत्नी, दोघांनी स्पितीला जायचे ठरवले. बेत अर्थातच तिच्या संमतीने झाला होता; पण संमती देताना तिने एक गोष्ट स्पष्ट केली. ती म्हणाली, ‘‘अहो, गाडीला काय काय लावायचं ते तुम्ही एकट्यानं ठरवायचं नाही. मी सोबत येणार.’’ म्हणून एका रविवारी आम्ही दोघे करोल बागेतल्या नाईवाला गल्लीत गेलो.

ज्यांनी ही गल्ली पाहिली नाही त्यांना तिची कल्पना देणे कठीण आहे. दोन्ही अंगांना दुकाने, दुकानांच्या पुढ्यात रस्त्यावरच उघडलेल्या मोटारसायकली, हवेत वेल्डिंगचा वास, आणि भिंतीवर खिळ्याखिळ्याला टांगलेले लोखंडी, रबरी, चामडी अवयव. येथे गाडी घेऊन येणारा प्रत्येक माणूस काहीतरी वाढवण्यासाठी येतो. आमच्या मिस्त्रीने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि यादी सांगण्यास सुरुवात केली: लेग गार्ड, हाताला वारा व फांद्या लागू नयेत म्हणून हँड गार्ड, इंजिनाच्या पोटाखालचा पत्रा, जास्तीचे दिवे, मोठा हॉर्न, सामानाची चौकट, पाठीला टेकू, मोबाइल चार्ज करण्याची सोय. ती यादी ऐकताना मला वाटले की ही वस्तूंची यादी नाहीच. कोणी ना कोणी, कधी ना कधी, कोठेतरी पडल्याची ही नोंदवही आहे. लेग गार्ड म्हणजे कुणाचे तरी गाडीखाली अडकलेले नडगीचे हाड. हँड गार्ड म्हणजे कुणाचे तरी चिरडलेले बोट. पडलेली माणसे विस्मृतीत गेली, त्यांच्या पडण्याचा आकार तेवढा नळीच्या रूपाने वाकवून ठेवला आहे.

लेग गार्डविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण त्याविषयी लोकांचे फार गैरसमज आहेत. गाडी आडवी झाली की दोनशे किलोचे वजन जमिनीवर टेकण्यापूर्वी ह्या वाकवलेल्या नळीवर येते. गाडी आणि जमीन ह्यांच्यात वीतभर पोकळी राहते आणि त्या पोकळीत चालवणाऱ्याचा पाय वाचतो. हे सावकाश पडण्याच्या बाबतीत खरे आहे. वेगात समोरून धडक बसली तर ती नळी काही करू शकत नाही. उलट ती फार जाड असेल आणि एकाच ठिकाणी घट्ट आवळलेली असेल, तर धक्का स्वतः न सोसता गाडीच्या सांगाड्याकडे पोचवते. तेव्हा जितके जाड तितके सुरक्षित, हा हिशेब खोटा. आमचा मिस्त्री हे जाणून होता. जाडजूड, चकाकणारे गार्ड त्याने बाजूला सारले आणि तीन ठिकाणी बसणारे साधे काळे गार्ड काढले. त्याच्या ह्या विवेकाने माझा त्याच्यावर विश्वास बसला.

दिवे आणि हॉर्न ह्यांच्या बाबतीत मात्र मी कोणाचेच ऐकले नाही. धुक्यासाठी खाली बसवलेला, रस्त्यावरच पडणारा मंद पिवळा दिवा हा उपयोगी असतो, कारण वर बसवलेल्या दिव्याचा उजेड धुक्यावर आदळून आपल्याच डोळ्यांवर परत येतो. पण हल्ली जे पांढरे झगझगीत दिवे लावून लोक हिंडतात, ते समोरच्या माणसाला क्षणभर आंधळा करतात. आपली सुरक्षितता दुसऱ्याच्या डोळ्यांतून वसूल करण्याचा हा प्रकार आहे. रुंद लेग गार्ड दाट वस्तीत पायी चालणाऱ्यांच्या पोटऱ्यांना लागते, तीही त्याच जातीची गोष्ट. बैलगाडीच्या कंदिलाने असे कधी केले नसेल.

ह्या सगळ्या भरतीत एका वस्तूची ओहोटी चालू होती, आणि ती माझ्या पत्नीच्या प्रथम लक्षात आली. दुकानाच्या कोपऱ्यात, तेलकट चिंध्यांच्या शेजारी, लोखंडी जाळ्यांचा एक ढीग पडला होता. एकसारख्या आकाराच्या, काही तर कागदही न निघालेल्या, कोऱ्या. त्या साडी गार्डच्या जाळ्या होत्या. मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला, मागे बसणाऱ्याचे वस्त्र आऱ्यांत जाऊ नये म्हणून कारखान्यातूनच बसवून येतात त्या. मिस्त्री हसून म्हणाला की नवी गाडी घेतलेली तरुण मुले येथे आली की पहिल्यांदा हीच काढायला सांगतात. गाडी त्याने ‘घरगुती’ दिसते. दहा वस्तू स्वतःसाठी लावायच्या आणि जी एकच वस्तू दुसऱ्यासाठी लावलेली आहे ती काढून भंगारात द्यायची, असा हा व्यवहार. मी त्या ढिगाकडे पाहत उभा राहिलो आणि मला काकूंची आठवण झाली.

1974 साली मी आठ वर्षांचा होतो. आमचे घर सांगलीला. धाकटे काका नोकरीनिमित्त जयसिंगपूरला असत आणि त्यांच्याकडे एक जुनी मोटारसायकल होती. तिच्या मागच्या चाकाला जाळी नव्हती. काकू त्या वेळी पंचविशीच्या असतील. शिकलेल्या होत्या, गोल साडी नेसत. येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. आमच्या आजीची नऊवारी काष्ट्याची. त्या वस्त्रात बाई चालू शकते, शेतात वाकू शकते, वेळ पडली तर घोड्यावरही मांड टाकू शकते. गोल साडी ही त्या पिढीतल्या शिकल्यासवरल्या घरांची खूण होती. तिच्यात बाईने दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसायचे, एका हाताने गाडीची कड धरायची, दुसऱ्या हाताने पदर आणि मूल सांभाळायचे. म्हणजे नवे वस्त्र आणि नवे वाहन एकाच सुमारास घरात आले, पण दोघांची एकमेकांशी गाठ कुणी घालून दिली नव्हती.

मिरजेकडून येताना काकूंचा पदर चाकात गेला. आऱ्यांनी तो गुंडाळत नेला आणि काकू रस्त्यावर ओढल्या गेल्या. कडेवरचे मूल सुदैवाने वाचले. काकूंचा उजवा गुडघा मात्र कायमचा ताठला. इस्पितळातून त्या घरी आल्या तेव्हा त्यांना पाहायला आलेल्या बायांचे बोलणे मी माजघरात बसून ऐकत होतो. प्रत्येकीच्या बोलण्याचा शेवट एकाच वाक्याने होई: ‘‘पदर खोचून बसायला नको होतं का?’’ काका काही बोलत नसत. गाडीविषयी कुणी अवाक्षर काढले नाही. पुढे पुढे काकू स्वतःच ते वाक्य म्हणू लागल्या; कुणी गुडघ्याविषयी विचारले की हसून म्हणत, ‘‘माझंच चुकलं, पदर सांभाळला नाही.’’ त्या पुन्हा कधी मोटारसायकलवर बसल्या नाहीत. गणपतीच्या देवळापर्यंत लंगडत चालत जात, पण कुणाच्या मागे बसत नसत.

‘सांभाळणे’ हे आपले क्रियापद फार विलक्षण आहे. घर सांभाळणे, म्हातारी माणसे सांभाळणे, पदर सांभाळणे, तोल सांभाळणे, नाव सांभाळणे. निरोप देताना आपण ‘सांभाळून जा’ म्हणतो, तेव्हा आशीर्वादाबरोबर जबाबदारीही देऊन टाकतो. पुढे काही झाले तर ज्याने सांभाळायचे त्याने सांभाळले नाही, इतका साधा अर्थ उरतो. लोखंडी जाळी ह्या क्रियापदाचा कर्ता बदलते. जाळी असली म्हणजे सांभाळण्याचे काम बाईकडून गाडीकडे जाते. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 123 वा नियम मी जेव्हा प्रथम वाचला, तेव्हा त्याची रुक्ष भाषा मला करुण वाटली. मोटारसायकलीला मागे बसणाऱ्यासाठी धरायला पक्की मूठ हवी, पाय टेकायला जागा हवी आणि त्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे आवरण हवे, एवढेच त्यात सांगितले आहे. त्यात साडी हा शब्द नाही, पदर नाही, बाई नाही. मागे बसणाऱ्याने कसे बसावे, काय खोचावे, ह्याविषयी एक अक्षर नाही. कायद्याने प्रथमच चाकाकडे पाहिले, असे मला वाटले. काकूंना हा नियम कुणी वाचून दाखवला नाही. दाखवला असता तरी त्यांनी आपले वाक्य बदलले असते असे मला वाटत नाही.

कायदा मागच्या बैठकीकडे नेहमीच इतक्या नीट पाहतो, असे मात्र नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने दोघांनाही शिरस्त्राण सक्तीचे केले. पगडी बांधणाऱ्या शीखांना त्यातून सूट दिली. दिल्लीत 1999 साली नियमांत बदल होऊन बायकांसाठी ते ऐच्छिक झाले, आणि 2014 मध्ये शीख स्त्रियांचा अपवाद ठेवून ते पुन्हा सक्तीचे झाले. म्हणजे मधल्या पंधरा वर्षांत आमच्या घरातून एकाच गाडीवर दोन डोकी निघत, त्यांतल्या एकाला कायद्याने टोपी दिली होती आणि दुसऱ्याला वारा. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्त्यांवरील अपघातांत 1,68,491 माणसे मेली. हेल्मेट न घातलेली जी 50,029 माणसे त्यांत होती, त्यांपैकी 14,337 मागे बसलेली होती. ह्यांतल्या किती जणांना ‘नीट धरून बस’ एवढेच साधन मिळाले असेल, हे अहवालात लिहिलेले नसते.

साहित्याच्या अभ्यासकांना हेल्मेटच्या इतिहासातला एक प्रसंग ठाऊक असायला हरकत नाही. ज्याने ‘ओडिसी’चे इंग्रजी गद्यात भाषांतर केले, तो टी. ई. लॉरेन्स मे 1935 मध्ये इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात आपल्या मोटारसायकलवरून जात असताना दोन सायकलस्वार मुलांना चुकवण्यासाठी वळला आणि फेकला गेला. त्याच्या डोक्यावर काही नव्हते. सहा दिवस तो बेशुद्ध होता, आणि मग गेला. त्याला तपासणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. हा मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. 1941 मध्ये त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींवर आपला निबंध प्रसिद्ध केला आणि शिरस्त्राणाचा उपयोग पुराव्यानिशी मांडला. आजच्या हेल्मेटच्या कठीण कवचाखाली थर्मोकोलचा जाड थर असतो. डोके आपटले की तो थर चिरडतो, आणि डोके थांबण्यास क्षणाचा काही अंश अधिक मिळतो. वाचणे न वाचणे त्या अंशावर ठरते. चिरडलेला थर पुन्हा फुगत नाही, म्हणून एकदा आपटलेले हेल्मेट बाहेरून कितीही चांगले दिसले तरी टाकून द्यायचे असते.

पत्नीच्या हेल्मेटविषयी वाद झालाच नाही. वाद झाला तो गादीवरून. मिस्त्रीने आणि मी मिळून तिच्यासाठी काय काय योजले होते: पाठीला टेकू, दोन्ही अंगांना धरायच्या मुठी, रुंद पायदाण, आणि अर्थात जाळी. ती शांतपणे ऐकून घेत होती. मग म्हणाली, ‘‘हे सगळं मी पडू नये म्हणून आहे. ठीक आहे. पण मला दिसायचं काय? तीस वर्षं मी तुमची पाठ बघत्येय. कुठं खड्डा आहे, कुठं वळण आहे, मला अंगाला हिसका बसल्यावर कळतं. मला पुढचं दिसलं पाहिजे.’’ तिला आपली बैठक दोन इंच उंच करून हवी होती, माझ्या खांद्यावरून रस्ता दिसेल इतकी.

मी आणि मिस्त्री, दोघांनीही हे नाकारण्याची शास्त्रीय कारणे दिली, आणि ती कारणे खोटी नव्हती. माणूस जितका उंच बसेल तितका गाडीचा तोल वर जातो; सावकाश चालवताना, दगडांवरून नेताना, त्याचा त्रास होतो. वारा अधिक लागतो. पायदाणही मग वर घ्यावी लागते, नाहीतर गुडघे ताणले जातात. तिने हे सारे मान्य केले आणि आपले म्हणणे सोडले नाही. तेव्हा मला जाणवले की मी तिच्यासाठी जे काही ठरवत होतो ते सारे काकूंसाठी होते. अर्ध्या शतकापूर्वीच्या एका अपघातापासून मी तिला वाचवू पाहत होतो. ती पॅन्ट घालून, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणार होती. तिचा पदर नव्हताच. तिला हवी होती ती वस्तू कोणत्याही नियमात नव्हती आणि गल्लीतल्या एकाही खिळ्यावर टांगलेली नव्हती. मिस्त्रीनेच शेवटी तोडगा काढला. ‘‘भाभीजी बैठकर देख लें,’’ असे म्हणून त्याने गादीवर रबराची एक लादी टाकली, तिला बसवले, मला पुढे बसवले, आणि ती ‘हो’ म्हणेपर्यंत लाद्या बदलत राहिला. गादीवाल्याकडून तेवढ्या उंचीची गादी शिवून घेतली. पायदाण वेल्डिंग करून दीड इंच वर आणली.

सामानाच्या चौकटीने आणखी एक पेच उभा केला. गाडीच्या दोन्ही अंगांना पडशीसारख्या दोन पिशव्या लोंबतात, त्या चाकाला घासू नयेत म्हणून लोखंडी चौकट लागते. (वारकऱ्याच्या खांद्यावरची पडशी आणि ही पडशी ह्यांत तत्त्व एकच: भार दोन्हीकडे सारखा, आणि जितका खाली तितका बरा.) डावीकडची चौकट बसवण्यास जाळी आड येत होती. मिस्त्री म्हणाला, जाळी काढू. बहुतेक सगळे काढतातच. पत्नीही म्हणाली, काढा. मीच नको म्हणालो. अर्धा तास खपून त्याने चौकटीच्याच आत त्या ढिगातल्या एका जाळीचे तुकडे जोडले, आणि ते काम मला आजही त्या गाडीवरचे सर्वांत देखणे काम वाटते. पत्नीचे मत तसे नाही.

राहिलेल्या वस्तूंपैकी पेट्रोलच्या जादा डब्यांविषयी सांगायचे तर ते आम्ही घेतले नाहीत. लाहौलमध्ये तांदी येथील पंपावर पुढचा पंप 365 किलोमीटरवर आहे असे सांगणारी पाटी कित्येक वर्षे होती, आणि तिच्यामुळे लेहला जाणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलीच्या कुशीला डबा लटकू लागला. परंतु आमची वाट काझाची. तेथे पंप आहे, आणि पंधरा लिटरच्या टाकीत ही गाडी चारशे किलोमीटर सहज जाते. दिल्लीच्या रस्त्यांवर रिकामे डबे लावून हिंडणारे जे वीर दिसतात, त्यांच्याकडे मी पोळ्याच्या बैलाकडे पाहतो तसे पाहतो.

शेवटची वस्तू हेल्मेटच्या आत बसणारी. दोघांच्या कानांशी छोटे ध्वनिवर्धक आणि ओठांशी मायक्रोफोन. तारेविना बोलणे होते. तोपर्यंत आमचा सारा संवाद स्पर्शाचा होता. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबा, बरगडीला कोपर म्हणजे ‘पाहिलंत का?’, आणि दोन्ही हात घट्ट झाले म्हणजे भीती. तीस वर्षांत ही भाषा इतकी सूक्ष्म झाली होती की तिला व्याकरण होते असे मी म्हणेन. यंत्र आल्यावर ती भाषा दोन दिवसांत लोपली. एखादी बोली मरताना पाहण्याची संधी भाषेच्या शिक्षकाला आपल्याच पाठीवर मिळावी, हे दुर्मीळच. पहिल्या दिवशी मुरथलपासून चंडीगढपर्यंत आम्ही अखंड बोललो. त्यातले बरेचसे रस्त्याविषयीचे तिचे सल्ले होते. आता तिला रस्ता दिसत होता.

मनाली सोडल्यावर नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून आम्ही लाहौलात उतरलो. 2020 च्या ऑक्टोबरात हा बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगची चढण चुकते. कोकसरवरून ग्रांफूला आले की डांबर संपते आणि चंद्रा नदीच्या काठाने दगडगोट्यांतून छतडू, बातल असे जावे लागते. ओढे वरच्या बर्फाचे. सकाळी घोट्याएवढे असतात, दुपारी ऊन तापले की बर्फ वितळून मांडीपर्यंत चढतात. एका ओढ्याशी आम्ही पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. पत्नी वरून पाहत म्हणाली, ‘‘डावीकडं खळाळतंय, तिथं उथळ असेल. उजवीकडचं पाणी गप्प आहे.’’ तिचे निरीक्षण अचूक होते. गप्प पाणी खोल असते. आम्ही डावीकडून गेलो. मध्यावर पुढच्या चाकाखालचा एक गोटा फिरला आणि गाडी सावकाश डाव्या अंगावर कलंडली.

पुढे लेग गार्ड टेकले, मागे सामानाची चौकट टेकली. माझा पाय एका पोकळीत होता, तिचा दुसऱ्या. लेग गार्डने मला वाचवावे हे त्याचे कामच. पण तिचा पाय वाचवला तो पिशव्या लटकवण्याच्या चौकटीने, जी आम्ही सोय म्हणून घेतली होती. सुरक्षिततेसाठी मी हट्टाने जोडून घेतलेल्या जाळीला त्या प्रसंगात काही काम नव्हते. उंच गादीमुळे गाडी कलंडायला मदत झाली की नाही, ह्यावर आमचे अजून एकमत नाही. मिस्त्रीचे मत विचारायचे आम्ही दोघेही टाळतो. मागून आलेल्या एका ट्रकच्या क्लीनरने आणि आम्ही दोघांनी मिळून गाडी उभी केली. बुटांतले पाणी काढताना पत्नी म्हणाली, ‘‘पडताना मला सगळं दिसलं. बरं वाटलं.’’ पडताना दिसल्याने बरे कसे वाटू शकते, हे मी तिला विचारले नाही. काकूंना त्या दिवशी काहीच दिसले नसणार. त्या एका अंगाने बसल्या होत्या आणि चाक त्यांच्या पाठीमागच्या बाजूस होते.

कुंझुमची खिंड सुमारे 4,550 मीटरांवर आहे. चढताना आमचे बोलणे हळूहळू थांबले. मग यंत्रातून केवळ तिचा श्वास ऐकू येऊ लागला. प्रथम मला तो वाऱ्याचा आवाज वाटला. शेवटच्या वळणांपूर्वी तो आखूड झाला, मधूनच तुटू लागला. तिने थाप मारली नाही. यंत्र आल्यापासून थाप मारण्याची सवयच गेली होती, आणि बोलण्याइतका दम तिच्यात नव्हता. मी गाडी कडेला घेतली. ती दगडावर बसली, कोमट पाणी प्यायली, आणि वीस मिनिटांनी श्वास ताळ्यावर आला. आम्ही खिंडीत फार वेळ न घालवता पलीकडे लोसरला उतरलो. ते यंत्र विकत घेताना मला ते चैनीचे वाटले होते, आणि जुन्या खुणांची भाषा गेली म्हणून मी त्याच्यावर रागावलोही होतो. परंतु पाठीवरच्या थापेतून श्वास ऐकू आला नसता, हेही खरे.

दिल्लीला परतल्यावर आम्ही पुन्हा नाईवाला गल्लीत गेलो. पिशव्या उतरवल्या, हँड गार्ड उतरवले. शहरात पोटऱ्यांना लागते म्हणून लेग गार्डही काढून माळ्यावर ठेवले. चौकट थोडी वाकली होती, ती मिस्त्रीने ठोकून सरळ केली. जाळी तिच्यातच आहे. माझी जुनी गादी त्याने जपून ठेवली होती, ती परत बसवू का, असे त्याने मला विचारले. उत्तर पत्नीने दिले. म्हणून गादी तेवढी उंचच राहिली. रिंग रोडवर सिग्नलला शेजारी बस थांबते तेव्हा खिडकीतले लोक तिच्याकडे पाहतात, आणि ती माझ्या खांद्यावरून पुढच्या वाहनांच्या रांगेकडे पाहत मला सांगते की आज उजवीकडची रांग लवकर सुटेल.